पुलावर तुटलेली रांग : नाग नदीच्या सोबतीने काढलेल्या एका संथ सायकलफेरीचा प्रकरण अभ्यास

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या वस्तीतल्या सायकल मंडळाने अंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून जगनाडे चौकापर्यंत नाग नदीच्या सोबतीने एक फेरी काढली. अंतर सुमारे १० किलोमीटर होते आणि सहभागी २२ जण होते. सर्वांत लहान मुलगी ११ वर्षांची, तर सर्वांत ज्येष्ठ काका ६८ वर्षांचे होते. आठ जणांनी याआधी कधीही गटाने सायकल चालवलेली नव्हती. बऱ्याच सायकली बिनगिअरच्या, घरी रोज भाजी आणायला वापरल्या जाणाऱ्या होत्या. फेरीचा हेतू शर्यतीचा किंवा व्यायामाचाही नव्हता. ज्या नदीवरून नागपूर शहराला नाव मिळाले, ती नदी शहरातून कुठून कुठे जाते हे एकदा सलग पाहावे आणि मुलांना दाखवावे, एवढाच तो होता. म्हणूनच निमंत्रणात आम्ही ‘संथ फेरी’ असे ठळकपणे लिहिले होते आणि ताशी १० ते १२ किलोमीटरपेक्षा अधिक वेग कोणी घेऊ नये, असे दोनदा बजावले होते.

तरीही त्या सकाळी आमचा गट तुटला आणि जवळपास २५ मिनिटे दोन भागांत शहरात फिरत राहिला. एका वडिलांनी आपल्या मुलीसाठी वर्धा रोडवर उलट दिशेने सायकल घातली आणि त्यानंतर तासाभरात ६३ वर्षांच्या एका काकू अशोक चौकाजवळ पडल्या. त्यांच्या मनगटाला मुरड बसली. हाड मोडले नाही, हे त्याच दिवशी एक्स-रे काढल्यावर कळले. फेरीची आखणी मी केली होती आणि आघाडीला मीच होतो, त्यामुळे काय घडले आणि का घडले हे नीट लिहून ठेवणे मला माझे काम वाटते. संथ फेरीत अपघात होत नाहीत, या समजुतीवर आम्ही सगळे निर्धास्त होतो. वेग कमी असला की बाकी सर्व आपोआप सांभाळले जाते, असे आम्ही धरून चाललो होतो. फेरी मोडली ती वेगामुळे नव्हे. ती पुलांशी आणि चौकांशी, म्हणजे जिथे वाट ओलांडावी लागते त्या जागांशी मोडली.

नदी दिसते ती फक्त पुलावरून

मार्ग समजल्याशिवाय पुढची घटना समजणार नाही. नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांच्या भागात उगम पावते, अंबाझरी तलावाशी जोडली जाते आणि तलावाच्या सांडव्यापासून पूर्वेकडे शहर ओलांडत जाते. शहराच्या हद्दीत तिची लांबी सुमारे १७ किलोमीटर भरते. मात्र या लांबीत तिच्या काठाने सलग जाता येईल अशी वाट नाही. पश्चिम भागात, म्हणजे अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत, नदी दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतींमधून वाहते आणि घरे तिच्याकडे पाठ करून उभी आहेत. रस्ता नदीला समांतर असला तरी मध्ये घरांची एक ओळ असते. पूर्वेकडे ग्रेट नाग रोड तर नदीचेच नाव घेऊन धावतो. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यालाही नदी क्वचितच दिसते. त्यामुळे नाग नदीकाठची फेरी म्हणजे प्रत्यक्षात तिच्या पुलांची फेरी असते. एका पुलावर जायचे, नदी पाहायची, गल्ल्यांतून पुढच्या पुलाकडे निघायचे, आणि पुन्हा थांबायचे.

हे मला आखणी करतानाच कळले होते. दोन आठवडे आधी मी एकटा हा मार्ग सायकलने फिरून आलो होतो आणि सात पूल थांब्यांसाठी निवडले होते. एकट्याला कोणत्याही पुलावर पाय टेकवून कठड्यापाशी उभे राहता येते. बावीस सायकली त्याच पुलावर उभ्या राहिल्या तर पदपथ भरून जातो, मागची चाके रस्त्यावर येतात आणि पूल म्हणजे नेमकी ती जागा असते जिथे मागून येणाऱ्या वाहनाला बाजूला सरकायला वाव नसतो. एकट्याने केलेल्या पाहणीतून हे दिसणे शक्य नव्हते. माझी पहिली चूक हीच होती की मी मार्ग पाहिला, पण बावीस जणांच्या रुंदीने आणि लांबीने तो पाहिला नाही.

दुसरी चूक सूचनांमधली होती. सांडव्याजवळ जमल्यावर मी सर्वांना दोन वाक्ये सांगितली होती. एक म्हणजे, ‘नदी उजव्या हाताला ठेवायची.’ दुसरे, ‘पूल दिसला की ओलांडायचा.’ पहिले वाक्य डागा लेआउटपर्यंत खरे होते. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, आम्हीही पूर्वेकडे निघालो होतो, त्यामुळे उत्तरेच्या बाजूने जाताना ती उजवीकडे राहत होती. पण पूल ओलांडून दक्षिणेच्या बाजूला आले की ती डावीकडे जाते, आणि पुढच्या पुलाला पुन्हा हात बदलतो. म्हणजे माझी दोन्ही वाक्ये एकमेकांना खोटी ठरवत होती. शिवाय घरांच्या आड गेलेली नदी कोणत्या हाताला आहे हे बघायचे तरी कसे? आघाडीला असलेल्या मला वाट ठाऊक होती म्हणून ही वाक्ये मला पुरेशी वाटली. मागच्यांना वाट ठाऊक नव्हती आणि त्यांच्याकडे या वाक्यांशिवाय दुसरे काही नव्हते.

पंचशील चौकातला सिग्नल

डिसेंबरच्या मध्यात नागपुरात पावणेसातच्या सुमारास उजाडते. आम्ही सहा पन्नासला निघालो. पहिला तास सुंदर गेला, हेही नोंदवले पाहिजे. अंबाझरीच्या बांधावर धुके होते. शहराला पाणी पुरवण्यासाठी एकेकाळी याच तलावाचा आधार होता हे मुलांना सांगताना त्यांच्यापैकी दोघांनी विचारले की मग आता या पाण्याला वास का येतो. गटातल्या एका ताईंचे घर अंबाझरी लेआउटमध्ये आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून भरून वाहू लागला आणि नदीचे पाणी या वस्त्यांत शिरले, तेव्हा त्या आपल्या सासूबाईंना घेऊन माळ्यावर बसून होत्या. कठड्याशी उभे राहून त्यांनी पाण्याची रेषा भिंतीवर कुठपर्यंत आली होती ते हाताने दाखवले. कोणी काही बोलले नाही. नदी पाहणे म्हणजे काय, ते मला त्या पाच मिनिटांत जितके कळले तितके नकाशावरून कधी कळले नव्हते.

रामदासपेठेतून आम्ही नदीच्या दक्षिणेकडच्या रस्त्याने पंचशील चौकात आलो तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. इथे वर्धा रोड ओलांडून समोर धंतोलीत जायचे होते. नदीवरचा पूल चौकाच्या डावीकडे, झाशी राणी चौकाच्या दिशेने आहे. २०२३ च्या पुरात हाच पूल खचला होता आणि हा महत्त्वाचा रस्ता बंद ठेवावा लागला होता, म्हणून मला तो सर्वांना दाखवायचा होता. पण तो दाखवायचा कसा, याविषयी मी कोणालाच काही सांगितले नव्हते. आधी चौक ओलांडू, पलीकडे सर्व जमू, मग पायी पुलापर्यंत जाऊ, असे माझ्या मनात होते.

हिरवा दिवा लागला आणि मी निघालो. माझ्या मागून दहा जण आले. पलीकडे पोहोचून वळून पाहिले तेव्हा दिवा लाल झाला होता आणि उरलेले अकरा जण रामदासपेठेच्याच बाजूला होते. इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. बिघडले ते पुढच्या दोन मिनिटांत. चौकाच्या तोंडाशी अकरा सायकली उभ्या करायला जागा नव्हती, म्हणून मी पुढच्या गटाला धंतोलीतल्या पहिल्या गल्लीत आत नेले. त्यामुळे मागच्यांना आम्ही दिसेनासे झालो. पुन्हा हिरवा दिवा लागला तेव्हा मागच्या अकरा जणांत सर्वांत पुढे असलेल्या शिक्षकांना समोर आपला कोणीच दिसला नाही. डावीकडे मात्र पूल दिसला. पूल दिसला की ओलांडायचा, हे माझेच वाक्य त्यांना आठवले. ते डावीकडे वळले आणि बाकीचे दहा जण त्यांच्या मागे गेले. पुलावरून पलीकडे गेल्यावर नदी उजव्या हाताला आली, म्हणजे माझे पहिले वाक्यही खरे ठरले. आपण अगदी बरोबर वाटेवर आहोत अशी त्यांची खात्री पटली आणि ते झाशी राणी चौकाच्या दिशेने निघून गेले.

त्या शिक्षकांना नंतर गटातल्या एकदोघांनी बोल लावला, तो मला मुळीच मान्य नाही. सांगितले तेच त्यांनी केले. पिछाडीला असलेल्या तरुणाचीही चूक नव्हती. तो पंक्चर काढण्यात आणि चेन बसवण्यात तरबेज म्हणून आम्ही त्याला शेवटी ठेवले होते, आणि तो शहरात शिकायला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. पिछाडीच्या माणसाकडे पान्हा आणि पंप असावा याचा आम्ही विचार केला. त्याला रस्ते माहीत असावेत, याचा केला नाही.

फोन लावले. चालवताना फोनची घंटा ऐकू येत नाही, हे कोणालाही सांगायला नको. अकरा वर्षांची मुलगी मागच्या गटात होती आणि तिचे वडील धाकट्या मुलासोबत पुढच्या गटात होते. मुलगी दिसत नाही हे कळल्याबरोबर त्यांनी मुलाला माझ्याकडे सोपवले आणि गल्लीतून बाहेर पडून थेट वर्धा रोडवर, समोरून येणाऱ्या वाहनांच्या कडेने, झाशी राणी चौकाकडे सायकल दामटली. मी हाक मारली, पण ती त्यांच्या कानावर पडली नसावी. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो म्हणून तो सुरक्षित, असे आपण समजतो; प्रत्यक्षात रिकाम्या रस्त्यावर वाहने अधिक वेगाने येतात आणि समोरून कोणी येईल अशी चालकाची अपेक्षाच नसते. एक शहर बस हॉर्न वाजवत त्यांच्या अगदी जवळून गेली. त्या सकाळचा सर्वांत धोक्याचा क्षण तोच होता. काकूंचे पडणे सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून येते ती बस.

मागच्या गटातल्या एकाने अखेर मुंजे चौकाजवळ थांबून फोन उचलला. यशवंत स्टेडियमजवळ भेटायचे ठरले आणि आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही पुन्हा बावीस झालो.

घाईची किंमत

यशवंत स्टेडियमपाशी फेरी थांबवायला हवी होती, किंवा निदान तिथे पंधरा मिनिटे बसून पुढचा बेत नव्याने सांगायला हवा होता. आम्ही तसे केले नाही. जगनाडे चौकाजवळच्या एका टपरीवर नऊ वाजता बावीस जणांचे तर्री पोहे सांगून ठेवले होते, दोघांना दहाला कामावर हजर व्हायचे होते, आणि गेलेली पंचवीस मिनिटे भरून काढावीत असे कोणीही न म्हणता सर्वांच्या मनात आले. धंतोलीच्या पुलावर नदीच्या स्वच्छतेच्या योजनेविषयी काही सांगायचे मी लिहून आणले होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात तिची पायाभरणी झाली आणि तिचा खर्च १,९२५ कोटी रुपयांहून अधिक आहे, एवढे वाचून कागद खिशात गेला. सांडपाणी नदीत येते कुठून आणि ते अडवायचे म्हणजे काय करायचे, हा खरा भाग सांगायचा राहूनच गेला.

मोक्षधाम स्मशानभूमीवरून जाताना जे झाले त्याची मला लाज वाटते. एक अंत्ययात्रा नुकतीच पोहोचली होती, माणसे रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि आमची रांग त्यांच्यामधून घंट्या वाजवत, मागच्यांना ‘चला, चला’ म्हणत पुढे गेली. आमच्यापैकी कोणाचाही अनादराचा हेतू नव्हता. पण संथ फेरीतला माणूस अशा ठिकाणी आपोआप उतरतो आणि घाईतल्या माणसाला ते सुचत नाही.

बैद्यनाथ चौकापासून पुढे ग्रेट नाग रोडवर आमचा वेग ताशी १६-१७ किलोमीटरपर्यंत गेला असावा. रांगेतली अंतरे कमी झाली. अशोक चौकाच्या परिसरात इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचे काम चालू असल्यामुळे पत्रे लावून रस्ता अरुंद केलेला होता आणि डांबरावर बारीक चुरी पसरलेली होती. माझ्या पाहणीच्या दिवशीही ती होती. मी वहीत तशी नोंदही केली होती, पण ती नोंद माझ्याच वहीत राहिली. पुढच्या सायकलीने अचानक वेग कमी केला तेव्हा काकूंनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. चुरीवर पुढचे चाक अडकले की ते फिरत नाही, घसरते, आणि घसरले की हॅण्डल वळवून तोल सावरता येत नाही. त्या डाव्या हातावर पडल्या. त्यांच्या मागे अर्ध्या चाकाच्या अंतरावर असलेला मुलगा कसाबसा बाजूला निघाला. सगळे धावले तेव्हा काकू म्हणाल्या, ‘मला काही नाही झालं जी, आधी पोरांना रस्त्यावरून बाजूला घ्या.’

हाताला थंड पाण्याची पट्टी बांधून एका सहभाग्याच्या गाडीने त्यांना दवाखान्यात नेले. उरलेले आम्ही सायकली हातात धरून चालत जगनाडे चौकात पोहोचलो.

रांगेचे गणित

पुढच्या आठवड्यात आम्ही सात जण बसलो आणि झालेल्या प्रकाराची मांडणी केली. पहिली चर्चा नेहमीसारखीच झाली. मुलांना आणायला नको होते, ज्येष्ठांनी छोटी फेरी करावी, सर्वांनी हेल्मेट घालावे. हेल्मेटविषयी माझा वाद नाही. पण ११ वर्षांच्या मुलीमुळे किंवा ६३ वर्षांच्या काकूंमुळे काहीही बिघडलेले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी फेरी काढली त्यांनाच वगळून ती सुरक्षित करणे म्हणजे फेरीच रद्द करण्यासारखे आहे, हे मी आग्रहाने मांडले.

मग कागदावर साधा हिशेब केला. एका सायकलची लांबी पावणेदोन मीटर धरावी आणि चालताना दोन सायकलींत तीन मीटर अंतर असावे. बावीस जणांची एकेरी रांग मग सुमारे १०० मीटर लांब होते. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे रांगेचे तोंड थांबरेषेवरून गेल्यानंतर शेपूट तिथे पोहोचायला सुमारे ३६ सेकंद लागतात, आणि तेही रांग आधीपासून चालती असेल तर. उभ्या रांगेला निघायला याहून अधिक वेळ जातो, कारण पुढचा हलल्याशिवाय मागच्याला पॅडल मारता येत नाही. हिरवा दिवा ३० सेकंद धरला तरी बावीस जणांची संथ रांग त्यात बसणे शक्यच नाही. वेग जितका कमी, तितकी ती अधिक खात्रीने तुटणार. आम्ही ज्या गोष्टीला सुरक्षितता समजत होतो, तीच सिग्नलवर रांग तोडत होती. चौकात गट तुटला हा अपघात नव्हता, ते ठरलेलेच होते. न ठरलेले फक्त एवढेच होते की तुटल्यावर कोणी काय करायचे.

सहा जणांची तुकडी दोन-दोनच्या जोडीने उभी असेल तर तिची लांबी जेमतेम ११ मीटर भरते आणि ती एका हिरव्या दिव्यात सहज पार होते. जोडीने चालायचे ते फक्त चौक ओलांडण्यापुरते. अरुंद रस्त्यावर पुन्हा एकेरी.

दुसरा मुद्दा थांब्यांच्या जागेचा होता. आम्ही प्रत्येक वेळी चौक ओलांडल्यावर थांबत होतो. पुढच्यांना पलीकडे जागा शोधावी लागते, ते आत गल्लीत सरकतात, आणि मागच्यांना दिसेनासे होतात. त्याऐवजी चौक येण्याच्या शंभर-दीडशे मीटर आधी, शांत रस्त्यावर, सर्वांनी जमायचे, मोजायचे आणि मग तुकडीतुकडीने पार व्हायचे. पलीकडे पहिल्या तुकडीतला एक जण कोपऱ्यावर दिसेल असा उभा राहील आणि शेवटची तुकडी येईपर्यंत हलणार नाही. या माणसाने वाहने अडवायची नाहीत, हात दाखवून रहदारी थांबवायची नाही. तो अधिकार वाहतूक पोलिसांचा आहे, आणि उत्साही स्वयंसेवकाने थांबवलेल्या वाहनाच्या मागून दुसरे वाहन बाजू काढून येते तेव्हा काय होते हे आपल्यापैकी अनेकांनी मिरवणुकांत पाहिलेले आहे. त्याचे काम आपल्या माणसांना वाट दाखवण्याचे, बस.

वाट सांगताना नदीचा आधार घ्यायचा नाही, हे ठरवायला मला जड गेले, कारण फेरी नदीची होती. पण उजवा हात, डावा हात, काठ, पूल हे शब्द वगळून फक्त चौकांची आणि ठळक इमारतींची नावे असलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात द्यायची, असे ठरले. नागपूरकराला पंचशील चौक, बैद्यनाथ चौक, उंटखाना, अशोक चौक, जगनाडे चौक ही नावे विचारली तर कोणीही रस्ता दाखवेल; नदी कुठे आहे असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर विचारात पडतील.

फेब्रुवारीतली फेरी

फेब्रुवारीत आम्ही तोच मार्ग पुन्हा केला. चोवीस जण होते, त्यांच्या सहा-सहाच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीच्या पुढच्याला आणि मागच्याला मार्ग ठाऊक होता. आठही जण आदल्या रविवारी एकत्र फिरून आले होते. मुले आपल्या आईवडिलांच्याच तुकडीत ठेवली. चालताना गट तुटला तर आईबाप मागे वळतात, हे सांगून बदलणारे नाही, म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही. पोह्यांची वेळ सांगून ठेवली नाही.

पंचशील चौकात आम्ही सायकली रामदासपेठेच्या बाजूला एका शांत गल्लीत लावल्या, दोन जण राखणीला ठेवले आणि सर्व जण पायी पुलापर्यंत जाऊन नदी पाहून आलो. उभे राहून पाहिले की दिसते, तेवढे सायकलवरून दिसत नाही. पाणी गढूळ होते, त्यात प्लास्टिक होते, आणि भिंतीच्या फटीत उगवलेल्या उंबरावर एक खंड्या बसला होता. गटातले एक निवृत्त अभियंता काका तिथे सावकाश बोलले. पूर्वी पावसाळ्यानंतर ही नदी आटत असे. आता ती बारा महिने वाहते, कारण वाहणारे पाणी मुख्यतः शहराचे सांडपाणी आहे. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा काही भाग कोराडीच्या वीजकेंद्राला दिला जातो, हे बऱ्याच जणांना नवे होते. डिसेंबरात खिशात गेलेला कागद त्या दिवशी पूर्ण वाचून झाला.

त्यानंतर झेब्रा पट्ट्यावरून, सायकली हातात धरून, तुकडीतुकडीने वर्धा रोड ओलांडला. तिसऱ्या तुकडीतला एक जण मागे राहिला. त्याच्या सायकलीचे स्टँड खाली राहिले होते. तो पुढच्या दिव्यापर्यंत उभा राहिला, समोरच्या कोपऱ्यावरचा आमचा माणूस त्याला दिसत होता, आणि दोन मिनिटांनी तो पलीकडे आला. डिसेंबरात ज्याने सकाळ उधळली तोच प्रसंग या वेळी कोणाच्या लक्षातही आला नाही.

मोक्षधामाच्या आधीच सर्वांनी उतरून, न बोलता, घंटी न वाजवता तो भाग चालत पार केला. अशोक चौकाजवळ चुरी अजूनही होती. तिथे पत्र्यांच्या कडेने चालतच जायचे ठरले होते, कारण चुरीवर फक्त मागचा ब्रेक, सरळ हॅण्डल आणि कमी वेग हे सांगणे सोपे असले तरी ऐन वेळी दोन्ही हात आपोआप आवळले जातात. मात्र इथे एक नवा प्रश्न निघाला, आणि तो सुटलेला नाही. सायकल हातात धरलेला माणूस दोन माणसांची रुंदी घेतो. चोवीस जण तसे चालू लागल्यावर उरलेली पायवाट आम्हीच भरून टाकली आणि बाजारातून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या एका बाईंना रस्त्यावर उतरावे लागले. स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आम्ही दुसऱ्याला रहदारीत ढकलले. तुकड्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, की काम पूर्ण होईपर्यंत फेरी उंटखान्यापाशीच संपवावी, यावर मंडळात एकमत नाही. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.

काकू या फेरीला आल्या होत्या. मनगटाला पट्टा होता, म्हणून त्यांनी सायकल आणली नव्हती. प्रत्येक थांब्यावर त्या भाच्याच्या स्कूटरवरून आधी पोहोचत आणि येणारी माणसे मोजत. जगनाडे चौकाजवळच्या पुलावर डिसेंबरातल्याच त्या मुलीने त्यांना विचारले की हे पाणी पुढे कुठे जाते. शहराच्या पूर्वेला गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी हिला मिळते, पुढे ही कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे, असे काकूंनी सांगितले. धरणाच्या पुढे वर्धा नदी मिळाल्यावर तीच प्राणहिता होते आणि गोदावरीला जाते, हे अभियंता काकांनी जोडले.

पिवळी नदीच्या संगमापर्यंत तिसरी फेरी न्यावी, अशी मागणी त्याच पुलावर झाली. त्या भागाची पाहणी आम्ही सुरू केली आहे. या वेळी एकट्याने नव्हे, सहा जणांची एक पूर्ण तुकडी घेऊन, आणि वहीत पहिला रकाना मार्गाचा नसून, चोवीस सायकली कोणाचीही वाट न अडवता कुठे उभ्या राहू शकतील याचा आहे. आतापर्यंत तशा तीन जागा सापडल्या आहेत. संगमापर्यंत निदान पाच तरी हव्यात.